गोल न करणाऱ्या मुलीची जागा

मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या आणि मुलांना वाचून दाखवणाऱ्यांच्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे फुटबॉलच्या बालकथांविषयी होती, आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत मुले व मुली एकाच संघात खेळत होती. म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात शाळेत शिकवते आणि पेठेतल्या फुटबॉलवर किशोरवयीन मुलांसाठी एक लघुकादंबरी लिहीत आहे. माझी नायिका अकरा वर्षांची आहे. केस बारीक कापून आणि भावाचे नाव सांगून ती मुलांच्या संघात शिरते, अंतिम सामन्यात तिचे बिंग फुटते आणि टायब्रेकरमध्ये निर्णायक गोल मारून ती सगळ्यांची तोंडे बंद करते. सहकाऱ्यांना मसुदा आवडला. वर्गात वाचून दाखवला तेव्हा मात्र एका मुलीने विचारले, "बाई, तिचा गोल झाला नसता तर?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या कथेत नेमके कुठे चुकते आहे? — एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मसुद्याचे याहून नेमके परीक्षण कोणी करील असे मला वाटत नाही. त्या मुलीने एका वाक्यात कथेची मेख ओळखली आहे. आपल्या कादंबरीत इतर मुलांना संघात जागा आहे, कारण ते पेठेत राहतात, त्यांचे मोठे भाऊ तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या, संघातून शाहू स्टेडियमवर खेळले आहेत, किंवा त्यांच्यापैकी एकाच्या घरी चेंडू आहे. त्यांच्यातला एखादा बॅक, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, सबंध मोसमात चार वेळा चेंडू हुकवतो आणि तरीही पुढच्या रविवारी संघात असतो, त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. नायिकेला मात्र तीच जागा शेवटच्या फटक्याची किंमत मोजून विकत घ्यावी लागते. जी वाचक मुलगी बरी खेळते, मनापासून खेळते, पण गोल मारणाऱ्यांतली नाही, तिला ही कथा वाचून आनंद होत असेल, पण त्या संघात आपल्याला कोणी घेणार नाही हेही तिला त्याच वेळी कळत असणार.

वेषांतराविषयी आधी लिहितो, कारण ते तुलनेने सोपे आहे. वेषांतर खोटे नसते, पण त्याचा काळ ठरलेला असतो. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्या लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावे म्हणून मुलाचे नाव सांगत असत. आपली कथा त्या काळात, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडत असेल, तर केस कापणे आणि नाव बदलणे तिला शोभेल. ती आज घडत असेल, तर वाचकांतल्याच कोणाची तरी बहीण उघडपणे खेळत असण्याचा पुष्कळ संभव आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ साली सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुले-मुली एकत्र खेळू लागली. तिथे मुलगी स्वतःच्याच नावाने यादीत आली. अडचण गेली असे नव्हे, तिने जागा बदलली आहे, आणि ती नवी जागा दाखवणे हे आजच्या लेखकाचे काम आहे.

ती जागा मी एकदा फार जवळून पाहिली. पुण्यात एका रविवारी सकाळी बारा वर्षांखालील मुलांचा सामना पाहत मी रेषेबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. एका संघात दोन मुली होत्या. त्यांपैकी डाव्या कडेने खेळणारी मुलगी माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होती. तिचे शिनपॅड, म्हणजे नडगीवर बांधायचे पट्टे, मोठ्या भावाचे असावेत, कारण ते घोट्यापर्यंत उतरत होते आणि तिने ते मोज्यांवरून भाजीच्या जुडीला असतात तसल्या दोन रबरबँडांनी बांधले होते. संघाकडे चेंडू आला की ती मोकळ्या जागेत धावत जायची आणि उजवा हात वर करायची. चेंडू यायचा नाही. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर मी मोजू लागलो. मध्यंतरापर्यंत तिच्या पायाला तीन वेळा चेंडू लागला, आणि त्यांतले दोन प्रतिस्पर्ध्यांचे चुकलेले पास होते. तिच्या संघातल्या मुलांनी तिला एका शब्दानेही दुखावले नाही. मध्यंतरात पाण्याची बाटली आली तेव्हा ती आधी तिच्याच हातात दिली गेली. प्रशिक्षकही ओरडला नाही. उत्तरार्ध सुरू झाल्यावर मी पाहिले की ती अजूनही मोकळ्या जागेत धावत होती, हात मात्र वर करत नव्हती.

मिश्र संघाच्या कथेचा प्राण मला त्या खाली राहिलेल्या हातात दिसतो. तिच्या वाटेत कोणी उभे नाही, नियम आड येत नाही, दुष्ट प्रशिक्षक नाही, आणि तरीही चेंडू तिच्याकडे येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की गोलाचा प्रसंग कथेच्या केंद्रस्थानावरून काढून तिथे पास आणावा. तिला पहिल्यांदा पास कोण देतो, का देतो, दिल्यावर त्याला बाकीचे काय म्हणतात, आणि तो पास तिच्याकडून चुकला तर तो दुसऱ्यांदा देतो का, या प्रश्नांत एक सबंध कादंबरी मावते. शेवटचा प्रश्न तर सर्वांत मोलाचा आहे, कारण पहिला पास सौजन्याने देता येतो, पण चूक झाल्यानंतरचा पास विश्वास असेल तरच दिला जातो.

नायिकेला आघाडीफळीतून काढून डावी बॅक करण्याचाही विचार करावा. बॅकचे उत्तम काम प्रेक्षकांना बहुधा दिसत नाही. समोरचा वेगवान मुलगा चेंडू घेऊन कडेने येतो, ती त्याच्या अंगावर धावून जात नाही, अर्धवट वळून मागे सरकत राहते, त्याला आत घुसू न देता रेषेकडे रेटत नेते, आणि अखेर चेंडू रेषेबाहेर जातो. टाळी वाजत नाही. फक्त गोलात उभा असलेला मुलगा ते पाहतो आणि हातमोजे एकमेकांवर आपटतो. पेठेतले आजोबा, ज्यांनी चाळीस वर्षे पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे सामने पाहिले आहेत, त्यांनाही ते दिसेल. कोल्हापूरच्या प्रेक्षकाइतका जाणता प्रेक्षक आपल्या कथेला घरबसल्या मिळाला आहे, त्याला निव्वळ आरडाओरडा करायला ठेवू नये.

आता भाषेविषयी, कारण आपल्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर मला एक गोष्ट खटकली. आपण लिहिले आहे, "सगळे खेळाडू मैदानावर धावत आले." मराठीत मुलगे आले की "ते आले" होते, मुली आल्या की "त्या आल्या" होते, आणि दोघे मिळून आले की "ती आली" असे नपुंसकलिंगी अनेकवचन आपल्याला सहज मिळते. "सगळी धावत आली" एवढे म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मुलामुलींचा घोळका उभा राहतो, वेगळे सांगावे लागत नाही. मिश्र संघाची कथा लिहिणाऱ्याला मराठीने दिलेली ही मोठी सोय आहे, आणि "खेळाडू आले" अशा पुल्लिंगी रूपाच्या मागे जाऊन आपण ती हरवून बसतो. दुसरी सोय खास आपल्या गावची आहे. प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी निवेदन करणारी मुलगी "मी गेले" म्हणते आणि पहिल्या क्रियापदालाच ओळखू येते. पण कोल्हापूरकडच्या बोलीत मुलीसुद्धा "मी आलो", "मी जातो" असे बोलतात. आपली नायिका स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगू लागली, तर काही पाने वाचक तिला मुलगा समजेल आणि त्यात लेखिकेची कसलीही लबाडी नसेल, कारण ती आपल्या आईसारखी आणि आजीसारखीच बोलत असेल. आपल्याला वेषांतर हवेच असेल, तर केस न कापता मिळणारे हे वेषांतर मला फार आवडेल.

प्रश्न : मुले आणि मुली एका संघात खरोखर कोणत्या वयापर्यंत खेळू शकतात? माझ्या कथेतला संघ चौदा वर्षांचा आहे आणि स्पर्धा आंतरशालेय आहे. एका मित्राच्या मते हे अशक्य आहे. — एक नवोदित लेखक, नाशिक

उत्तर : आंतरशालेय स्पर्धेपुरते आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत मुलांचे आणि मुलींचे गट वेगळे असतात. कथेतली मुले दहा-बारा वर्षांची करावीत, किंवा स्पर्धा वस्तीतल्या मंडळाची करावी, जिथे संघ कसा असावा हे आयोजक ठरवतात.

वयाचा हा प्रश्न किती अलीकडेपर्यंत धुमसत होता याची कल्पना लेखकाला असलेली बरी, म्हणून इंग्लंडचे उदाहरण देतो. १९२०च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा एक सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते, आणि जवळपास एका वर्षाने, १९२१च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. १९७८ साली थेरेसा बेनेट या शाळकरी मुलीचा दावा न्यायालयात पोहोचला, कारण बारा वर्षांखालील मुलांच्या संघातून तिला खेळू दिले जात नव्हते. खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. लिंगभेदविरोधी कायद्यात एक अपवाद होता. ज्या खेळांत ताकद, दम आणि शरीरयष्टी यांमुळे सरासरी स्त्री सरासरी पुरुषाच्या मागे पडते, ते खेळ त्या कायद्यातून वगळले होते. ती मुलगी मुलांच्या बरोबरीने उत्तम खेळत होती, हे कोणी नाकारले नव्हते. तरीही मोठ्या स्त्री-पुरुषांची सरासरी काढून एका लहान मुलीचा निकाल लावला गेला. मिश्र संघांना तिथे अकरा वर्षांखालील वयोगटापुरती परवानगी मिळायला १९९१ साल उजाडले, आणि ही मर्यादा एकेक पायरी चढत अठरा वर्षांपर्यंत गेली ती २०१०च्या दशकात. नेदरलँड्समध्ये तर २०२० साली एलेन फोकेमा या एकोणीस वर्षांच्या खेळाडूला तिच्या गावच्या क्लबच्या पुरुषांच्या मुख्य संघातून खेळण्याची मुभा मिळाली. ज्या मुलांबरोबर ती लहानपणापासून खेळत आली होती, त्यांच्याचबरोबर तिला पुढेही खेळायचे होते.

शरीराच्या बाबतीत लेखक हमखास एक चूक करतात. दहा-बारा वर्षांच्या संघात मुलगी सर्वांत लहानखुरी दाखवतात. वास्तविक मुलींची वाढ मुलांच्या आधी सुरू होते, त्यामुळे त्या वयात संघातली सर्वांत उंच खेळाडू मुलगी असणे अगदी स्वाभाविक आहे. दोन वर्षांनी चित्र पालटते. ते पालटणे कथेत आले तर उत्तम, पण त्याची घाई नको.

खेळाचे तपशीलही तपासून घ्यावेत. लहान वयोगटांत अकरा-अकरांचे संघ नसतात. पाच, सात किंवा नऊ जणांचे संघ लहान मैदानावर खेळतात, आणि इंग्लंडच्या मिनी सॉकरसारख्या प्रकारात ऑफसाइडचा नियम नसतो. दहा वर्षांच्या नायकाने हेडरने सामना जिंकणे आता जपूनच लिहावे, कारण अमेरिकेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली, आणि इंग्लंडने २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकले. मेंदूला होणाऱ्या इजेची काळजी हे त्यामागचे कारण आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष लेखक बहुधा विसरतात, आणि मीही कितीतरी वर्षे विसरलो होतो. संघ सामन्याला जातो तेव्हा मुली कपडे कुठे बदलतात आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीची पाळी सुरू झालेली असू शकते. इंग्लंडच्या राष्ट्रीय महिला संघाने २०२३च्या विश्वचषकाच्या वेळी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या स्वीकारल्या, त्यामागे हीच अडचण होती. तेवढ्या मोठ्या खेळाडूंना जे बोलावे लागले, ते आपल्या कथेतल्या मुलीला मनातल्या मनात ठेवावे लागत असेल. त्यावर प्रकरण लिहावे असे मी म्हणत नाही. संघाच्या गणवेशाचा रंग ठरवताना ती गप्प बसते आणि तिची मैत्रीण "काळी घेऊ या" म्हणते, एवढी एक ओळ वाचणाऱ्या मुलीला पुरते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि फुटबॉलवेडा आहे. मुखपृष्ठावर मुलगी दिसली की पुस्तक "मुलींचे" म्हणून बाजूला ठेवतो. सक्ती करावी का? — एक वडील, ठाणे

उत्तर : सक्ती करू नये. रात्री आपण स्वतः मोठ्याने वाचावे, आणि पहिल्या पानापासून सुरुवात न करता सामन्याच्या ऐन मध्यापासून करावी. एक गोल झाला आहे, दहा मिनिटे उरली आहेत, कॉर्नर मिळाला आहे, अशा जागी सुरुवात केली तर मुलगा आधी सामना ऐकतो आणि कोण खेळते आहे हे त्याला ओघात कळते. त्याच्या नकाराचा थोडा दोष पुस्तकांकडेही जातो, हे मला इथे नमूद केले पाहिजे. कित्येक कथांत मुलगी संघात आली की बाकीचे मुलगे एकजात मूर्ख किंवा मत्सरी दाखवले जातात, आणि आपल्यासारख्याच मुलांचे असे चित्र वाचायला कोणत्या मुलाला आवडेल? ज्या कथेत एखादा मुलगाही घाबरतो, चुकतो, पास देऊ की नको अशा पेचात सापडतो आणि त्याचे मन लेखकाने समजून घेतलेले असते, ती कथा आपला मुलगा दुसऱ्या रात्री स्वतःहून मागेल.

प्रश्न : मी बारा वर्षांची आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि मी रविवारच्या मराठी शाळेत जाते. माझी सॉकर टीम मागच्या वर्षापर्यंत मिक्स होती. आता मी मुलींच्या टीममध्ये आहे आणि माझा मित्र मुलांच्या. माझी नवीन टीम चांगली आहे, कोचपण छान आहेत. पण मला वाईट वाटतं आणि मला यावर मराठीत गोष्ट लिहायची आहे. प्रॉब्लेम असा आहे की गोष्टीत कोणीच वाईट नाही. मग गोष्ट कशी होणार? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले. गोष्टीत वाईट माणूस असावाच लागतो, असे तुला कुठल्या तरी पुस्तकांनी शिकवले आहे, आणि ते खरे नाही. कोणाची चूक नसताना दोन मित्र वेगळ्या मैदानांवर जातात, तेव्हा रागवायला कोणी सापडत नाही आणि वाईट तर वाटतेच. ते वाईट वाटणे कुठे ठेवावे हे तुझ्या गोष्टीतल्या मुलीला कळत नाही. तीच तुझी गोष्ट आहे.

निरोपाच्या सामन्यापासून सुरुवात करू नकोस. तिथे सगळी रडतील आणि तुला पुढे लिहायला काही उरणार नाही. नव्या संघाच्या पहिल्या सरावापासून सुरू कर. जुन्या संघात तुझा मित्र कुठे धावत येणार हे तुला न पाहता कळत होते ना? मग तुझी मुलगी नव्या संघात चेंडू मिळताच मान न वळवता सवयीने त्याच जागी पास देईल. तिथे कोणी नसेल. चेंडू घरंगळत रेषेबाहेर जाईल आणि नव्या मैत्रिणी तिच्याकडे आश्चर्याने पाहतील, कारण इतका सरळ पास तिने कोणाला दिला हे त्यांना समजणार नाही. चेंडू आणायला तिला एकटीला कुंपणापर्यंत चालत जावे लागेल, आणि त्या वाटेवर तिच्या मनात जे येते ते लिहिताना तू अजिबात घाई करू नकोस. नंतर केव्हा तरी, पाचव्या किंवा सातव्या सरावाला, त्या जागी दुसरी एखादी मुलगी धावत येईल. ती तुझ्या मित्रासारखी खेळत नसेल, आणि तिने तसे खेळावे असा हट्ट तुझी मुलगी किती दिवस धरते हे तुलाच ठाऊक असणार.

मराठी शब्द अडला तर थांबू नकोस. मैदानावर तू "सॉकर", "पास", "थ्रो-इन" म्हणत असशील तर तेच लिही. मराठी शाळेतल्या ताई शुद्धलेखन नीट करून देतील. गोष्ट पुरी झाली की ती या सदराच्या पत्त्यावर पाठव, आणि एक प्रत तुझ्या मित्रालाही दे. त्याला मराठी येत नसेल तर त्याच्या शेजारी बसून सांग. गोष्टीत त्याचे नाव बदल, पण चेंडू मागताना तो तुला जी हाक मारायचा, ती मात्र आहे तशीच ठेव.